पेशंटचे बाबा, पेशंटची आजी आणि शेवटचे पंधरा अंश

कोपरखळी | ९ ऑक्टोबर, रात्री ११:४०

आठ वर्षं इथं नुसती वाचतेय. पहिलाच धागा, आणि तोही असला. सांभाळून घ्या.

मी फिजिओथेरपिस्ट. वय ३६, मूळची कोल्हापूरची, लग्न झालेलं नाही (का नाही, हा वेगळा धागा आहे आणि तो मी काढणार नाही). साडेचार वर्षांचं बीपीटीएच, मग पुण्यात नोकऱ्या, आणि चार वर्षांपूर्वी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात स्वतःचं क्लिनिक. दोन खोल्या, खाली झेरॉक्सचं दुकान. इथं मी अजून 'ती शेक देणारी बाई' आहे.

जुलैत आठ वर्षांचा एक मुलगा आला. जूनच्या सुरुवातीला जांभळावरून पडलेला. जांभळाची फांदी ठिसूळ असते हे इथल्या पोरांना बोलायला यायच्या आत सांगतात, तरी चढायचं ते चढतातच. कोपराच्या जरा वर हाड मोडलं होतं. तारा घालून बसवलं, साडेतीन आठवड्यांनी तारा काढल्या, आणि हात जो अर्धा वाकलेला राहिला तो राहिलाच. बरोबर बाबा आणि आजी. आजींनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली. "गो बाय, चोळून देशील ना जरा?"

तर मुलांच्या कोपराला चोळायचं नसतं, आणि जोर लावून ताणायचं तर अजिबात नसतं. तसं केलं तर स्नायूतच हाड धरायला लागतं आणि उरलासुरला हातही जातो. हे आजींना पटवण्यात पहिला अर्धा तास गेला. मुलाला मी कामं नेमून दिली. तांब्याने रोपांना पाणी घालायचं, दोरीवर कपडे वाळत घालायचे, कॅरम खेळायचा तो दुखऱ्या हाताने. तो मला ताई म्हणतो, बाबा मॅडम म्हणतात, आजी बाय म्हणतात.

बाबांची रोपवाटिका आहे. चाळिशीचे असतील. मुलाची आई तीन वर्षांपूर्वी आजारात गेली. आजी म्हणजे त्यांच्या सासूबाई, लेक गेल्यापासून जावयाकडेच असतात.

ऑगस्टमध्ये एकदा पावसाने रस्ता खचला म्हणून मीच त्यांच्याकडे गेले. पडवीत बसून ते आंब्याची कोयकलमं बांधत होते. मांडीवर पिशवीतलं तांबूस पानांचं रोप, कोय रुजून पंधरा दिवस झालेलं. शेंडा उडवला, मधोमध चीर दिली, काडीला दोन्ही बाजूंनी पाचर काढली, चिरेत सरकवली आणि वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळत गेले. पट्टीला ते जेवढा ताण देत होते ना, बरोब्बर तेवढा क्रेप बँडेजला द्यावा लागतो. पुण्यात शिकाऊ पोरींना शिकवून शिकवून मी थकले होते, निम्म्याजणी एकतर आवळतात नाहीतर सैल सोडतात. मी त्या हाताकडे बघत राहिले. मुलगा विचारत होता, "ताई, किती अंश झाले?" दुसऱ्यांदा विचारल्यावर मला ऐकू आलं.

आता मुद्दा. सप्टेंबरच्या मध्याला हात सरळ व्हायला फक्त पंधरा अंश बाकी होते. हे शेवटचे अंश सावकाश, खेळता खेळता, महिन्यामहिन्यांनी येतात. त्यांना माझी गरज नसते. तसं सांगून मोकळं व्हायला हवं होतं. मी म्हटलं, "दर शनिवारी दाखवून जात जा." तीन शनिवार झाले. त्यातला एकही मी खरं तर हातासाठी बोलावलेला नाही.

हे चूक आहे एवढं कळतं. पुढं काय करू ते सांगा.

तिखटमीठ | ९ ऑक्टोबर, रात्री ११:५८

आठ वर्षं वाचनमात्र राहून डायरेक्ट षटकार. बसले चहा घेऊन.

एकच शंका. समोरून काही आहे का, की कलम एकाच बाजूने बांधलंय?

कोपरखळी | १० ऑक्टोबर, सकाळी ७:१५

गेल्या शनिवारी ते एकटेच आले. म्हणाले, "आज त्याची सहल आहे, म्हणून तो येणार नाही." हे फोनवर सांगता आलं असतं.

भटका_पिंगळा | १० ऑक्टोबर, सकाळी ९:०२

तालुक्याचं गाव, कोयकलमं, गल्लोगल्ली रोपवाटिका. कृषी विद्यापीठ जवळ असणार. म्हणजे दापोली. लावता पैज?

अवांतर: हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव अजून तसाच होतो का? वाळूवर टोपल्या मांडून? पापलेटचा भाव काय चाललाय?

तिखटमीठ | १० ऑक्टोबर, सकाळी ९:१०

बाईचा जीव कुठं अडकलाय आणि ह्यांचा पापलेटात.

संपादक | १० ऑक्टोबर, सकाळी ९:४५

कृपया धागाकर्तीचा किंवा धाग्यातल्या माणसांचा माग काढू नये. माशांच्या भावासाठी वेगळा धागा काढावा. असे प्रतिसाद यापुढे उडवले जातील.

कोपरखळी | १० ऑक्टोबर, दुपारी १:३०

असू दे संपादक, ओळखलंत तर ओळखलंत. इथं तसंही कुणाच्या स्कूटरवर कोण बसलं हे ती व्यक्ती उतरायच्या आत कळतं. फक्त क्लिनिक शोधत येऊ नका. आलात तर खरोखर काहीतरी दुखत असू द्या.

हाडाची_फिजिओ | १० ऑक्टोबर, रात्री ८:२०

बावीस वर्षं याच धंद्यात आहे म्हणून जरा कडक बोलते.

पेशंट लहान असला की त्याचे आईबाबाही आपले पेशंटच धरायचे. तो माणूस मुलाच्या हातासाठी तुझ्यावर विसंबून आहे. तू ये म्हटलंस की तो येणार. त्याला यावंसं वाटतंय की मुलाच्या हातासाठी यावं लागतंय, हे तुला कळायला काही मार्ग आहे का? नाही. कदाचित त्यालाही नसेल. मुलाचा हात बरा करणारी बाई कुणालाही देवासारखी वाटते, माझ्याकडे तर एका आजोबांनी गुडघा बरा झाल्यावर सत्यनारायणाला मलाच पाटावर बसवायचं काढलं होतं.

तेव्हा आधी रीतसर डिस्चार्ज. तोंडी नाही, कागदावर. अंश लिहायचे, घरी काय करायचं ते लिहायचं, पुढं काही वाटलं तर कुणाकडे जायचं त्या दुसऱ्या फिजिओचं नाव लिहायचं. मग मध्ये थोडा काळ जाऊ दे.

आणि मला सांग, त्या तीन शनिवारांची फी घेतलीस?

कोपरखळी | १० ऑक्टोबर, रात्री ८:५५

नाही घेतली. त्यांच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या शनिवारी जाताना दाराशी कोकमाच्या आगळाची बाटली ठेवून गेले, तिसऱ्या शनिवारी सोनचाफ्याचं रोप. मी काही नको म्हटलं, त्यांनी काय देऊ विचारलं नाही. असा आमचा व्यवहार.

हाडाची_फिजिओ | १० ऑक्टोबर, रात्री ९:०१

म्हणजे तुलाही कळलं होतं आणि त्यालाही. सोमवारी कागद कर.

निवांत_नाना | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

दापोली म्हटल्यावर राहवत नाही. त्याच तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या, पदरात मुलगा रघुनाथ. त्या काळच्या रीतीने बारा-तेरा वर्षांची मुलगी सहज मिळाली असती. त्यांनी ते नाकारलं आणि १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या विधवा गोदूबाईंशी पुण्यात लग्न केलं. त्याच पुढं आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. रघुनाथ तेव्हा ११ वर्षांचा. गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि त्याच मातीतली एक सुशिक्षित बाई अजून घाबरतेय!

तिखटमीठ | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

नाना, आदर आहेच, पण उदाहरण चुकलं. कर्व्यांना वाळीत टाकलं ते बायको विधवा होती म्हणून. बिजवर झाले म्हणून नाही. बिजवराला आपल्याकडे कोणी कधी वाळीत टाकलंय? उलट तेराव्याच्या पंक्तीत स्थळं सांगून येतात. इथंही बाबांना काही होणार नाही. बोलतील ते हिला. "मुलाच्या हाताच्या नावाखाली" असं बोलतील.

निवांत_नाना | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

मान्य. शब्द मागे.

वेल्हाळ | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

किती छान! दोन वेगळ्या झाडांचं कलम होतं आणि मग गोड फळं...

तिखटमीठ | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:१२

ही उपमा कुणीतरी देणारच होतं. मी दुपारपर्यंतचा अंदाज बांधला होता.

सावलीतला | ११ ऑक्टोबर, रात्री १०:४५

मी सहसा लिहीत नाही. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. नऊचा असताना बाबांनी मला गच्चीवर नेऊन विचारलं, "तुला नवी आई चालेल का?" मी हो म्हणालो. नऊ वर्षांचं पोर बाबांचा तसा चेहरा बघून दुसरं काय म्हणणार?

सगळ्यांना वाटतं मुलाला विचारलं, किती समंजस माणूस. मला मात्र पुढं कित्येक वर्षं वाटत राहिलं की आईच्या विरोधात मी मत दिलं. नवी आई चांगलीच होती, अजून आहे, आत्ता शेजारच्या खोलीत मालिका बघतेय. तिच्याविषयी तक्रार नाही. तो प्रश्न मात्र नको होता. मुलाला सांगा. त्याला रडू दे, चिडू दे, पण निर्णय त्याच्या डोक्यावर ठेवू नका.

आणखी एक. बाबांच्या लग्नानंतर आमचं आजोळ तुटलं. कुणी तोडलं नाही, भांडण नाही, काही नाही. दिवाळीला आजीकडून चिरोट्यांचा डबा यायचा. एका वर्षी तो आला नाही, आणि आमच्याकडूनही कुणी का नाही आला असं विचारलं नाही.

मुसळधार | ११ ऑक्टोबर, रात्री ११:२०

+१०००. चिरोट्यांपाशी थांबलो.

सदाफुली | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

मला एकसष्ट पूर्ण आहेत, त्यामुळे मला जे दिसलं ते कदाचित तुम्हा मुलांना दिसलं नसेल.

कालपासून मुलाचं बोलून झालं, बाबांचं झालं, लोक काय म्हणतील तेही झालं. धाग्याच्या सुरुवातीला एक ओळ आहे. 'त्यांच्या सासूबाई, लेक गेल्यापासून जावयाकडेच असतात.' त्या ओळीवर कुणी थांबलंच नाही. धागाकर्तीनेही पुढचं वाक्य लगेच पावसावर नेलं.

त्या बाई त्या घरात कुठल्या नात्याने आहेत? लेकीच्या. लेक नाही. मग नातवाच्या. नातवाला उद्या कुणी आई आली, तर ह्या कोण? जावयाच्या पहिल्या बायकोची आई. ह्या नात्याला आपल्या भाषेत शब्द तरी आहे का? तेल चोळून द्या म्हणणारी ती बाई रोज संध्याकाळी जावयाच्या तोंडाकडे बघत असेल, आज काही बोलतो का म्हणून. आणि शनिवारी तो एकटाच क्लिनिकला गेला हे तिला कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला?

वकीलसाहिबा | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

सदाफुलीताईंचा मुद्दा कायद्यातही तसाच उघडा पडतो. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्यात मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर जबाबदारी येते. जावई त्यात नाही. नातू आहे, पण सज्ञान झाल्यावर. म्हणजे आजींनी अजून दहा वर्षं थांबायचं.

तुमच्या बाजूनेही एक ऐकून ठेवा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून जे आई-वडील धरलेत, त्यात सावत्र आई येत नाही. लग्न झालं म्हणून तुम्ही आपोआप त्याच्या पालक होणार नाही. तशी वेळ आली तर सावत्र पालकाने दत्तक घ्यायची सोय 'कारा'च्या (केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण) नियमांत आहे. घाई नाही, माहीत असावं म्हणून सांगितलं.

कोपरखळी | १२ ऑक्टोबर, रात्री ११:०५

सदाफुलीताई, तुमचा प्रतिसाद सकाळी वाचला आणि नंतरच्या पेशंटला अल्ट्रासाउंड लावायचं सोडून मी मशीनचं बटण शोधत होते.

खरं आहे. मी त्या ओळीवरून घाईने पुढं गेले, कारण तिथं थांबायची मला भीती वाटत होती.

कोपरखळी | १९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

अपडेट. हाडाची_फिजिओ मॅडमनी सोमवार सांगितला होता, मी शनिवारपर्यंत ढकललं. काल कागद केला. कोपर पूर्ण वाकतं, सरळ व्हायला पंधरा अंश कमी, तळवा वर-खाली पूर्ण फिरतो, घरी काय काय करायचं, काही वाटलं तर खेडच्या कुठल्या फिजिओकडे जायचं. मुलाला गोनिओमीटर हातात दिला आणि स्वतःचा कोन स्वतः मोजायला शिकवला. त्याने आधी माझं कोपर मोजलं, मग दाराची बिजागरी, मग खिडकीतल्या मांजराचा मागचा पाय.

बाबांना म्हटलं, आता यायची गरज नाही.

ते म्हणाले, "बरं." कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. जिन्यात दोन पायऱ्या उतरून थांबले. "म्हणजे त्याला घेऊन येऊ नको, की मीही नको?"

मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. नंतर या, आणि काही दुखत नसेल तरच या.

तिखटमीठ | १९ ऑक्टोबर, रात्री ९:५२

"काही दुखत नसेल तरच या". मी हे भिंतीवर लावणार आहे.

मुसळधार | २ डिसेंबर, सकाळी ११:००

धागा वर काढतोय. धागाकर्ती, आहात का?

कोपरखळी | ५ डिसेंबर, रात्री १०:३०

आहे. ते दिवाळीनंतर आले. दोनदा आले. एकदा आम्ही आंजर्ल्याला जाऊन आलो, कड्यावरच्या गणपतीला, तिघं. मुलाला त्यांनी सांगितलंय. विचारलं नाही, सांगितलं (सावलीतला, तुमचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला होता, चालेल ना?). मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी फोन करून म्हणाला, "अकरा अंश."

मला खरं तर आजचं सांगायचंय. आज सकाळी आजी आल्या. एकट्या. रिक्षाने. बाकावर बसल्या, पदर सावरला, म्हणाल्या, "पोराचा हात बघितलास. माझा कुणी बघितला नाय."

उजवा खांदा. मे महिन्यापासून. अंबाडा घालता येत नाही, वेणीफणी शेजारीण करून देते. फळीवरचा डबा काढता येत नाही. साखरेची गोळी चालू आहे. हात न लावताही सांगता आलं असतं, गोठलेला खांदा. सबंध पावसाळा ही बाई नातवाच्या हातासाठी माझ्यासमोर बसत होती आणि स्वतःचा हात मांडीवरून वर उचलत नव्हती. मी आठवड्याला दोनदा बघत होते, आणि मला दिसलं नाही.

मी म्हटलं, आजी, तुम्हाला खेडला पाठवते. तिथल्या मॅडम फार चांगल्या आहेत.

"खेडला? एसटीनं? का गो, तुझ्याच्यानं होत नाय?"

"होतं की."

"मग?"

मला काही सुचेना. म्हटलं, "मी तुम्हाला पेशंट करून घेतलं, तर मग..."

"मग काय?"

मी गप्प. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. इतका वेळ की खालच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन सुरू होऊन बंद झालं.

"म्हणजे तू आमच्याकडं येणार हायस," त्या म्हणाल्या.

मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माझी ट्रंक कुठं न्यायची ता आधीच सांगा दोघांनी. मागाहून नको."

मी म्हटलं, ट्रंक आहे तिथंच राहू दे, फळीवरचे डबे तेवढे खाली घेऊ. हे काही शहाणपणाचं बोलणं नव्हतं. पण त्यांनी लगेच कुठले डबे ते सांगायला घेतलं. भाजणीचा, मेतकुटाचा, आणि एक पत्र्याचा, लेकीच्या बांगड्यांचा. तो वरच राहू दे म्हणाल्या.

सदाफुली | ६ डिसेंबर, सकाळी ७:०५

वाचलं. बाकी काही लिहीत नाही. खेडला जाताना पहिल्यांदा तू सोबत जा.

हाडाची_फिजिओ | ६ डिसेंबर, सकाळी ९:३०

साखर तपासून घे आधी. मधुमेहात गोठलेला खांदा हट्टी असतो. आणि खेडला पाठवलंस ते बरं केलंस, नाहीतर मी येणार होते तिकडे.

वेल्हाळ | ६ डिसेंबर, सकाळी ९:४१

मग लग्न कधी?? तारीख सांगा ना!

कोपरखळी | १८ जानेवारी, रात्री ९:१५

आजी खेडच्या चार फेऱ्या करून आल्या. घरी दोरी-कप्पी लावलीय, नातू बाजूला उभा राहून अंश मोजतो आणि वहीत लिहितो. त्याचे स्वतःचे आठ उरलेत, आजींचे त्याला मोजताही येत नाहीत इतके.

तारखेचं विचारलंत. आजींनी अट घातलीय. अक्षता टाकायला हात खांद्याच्या वर गेला पाहिजे, त्याशिवाय मुहूर्त काढायचा नाही. मी त्यांना समजावलं की ह्या दुखण्याला कधीकधी दीड-दोन वर्षंही लागतात. त्या म्हणाल्या, मग नीट शिकव खेडवालीला.

तिखटमीठ | १८ जानेवारी, रात्री ९:१८

डाव्या हाताने टाका म्हणावं!

कोपरखळी | १८ जानेवारी, रात्री ९:२०

म्हटलं. उजव्यानेच टाकणार म्हणतात.